डोळ्यांच्या वाट्याचे ऊन

ऊन लागते ते डोक्याला, ही आपल्याकडची जुनी आणि पक्की समजूत. वैशाखात घराबाहेर पडणारा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळतो, कानशिले झाकून घेतो, खिशात कांदा ठेवतो, निघण्याआधी ताक किंवा पन्हे पितो. डोळ्यांसाठी मात्र काहीच करत नाही. आपण डोक्यावर काय घालतो ते पाहिले तरी हे कळते. फेटा, पटका, मुंडासे, गांधी टोपी ही सगळी डोक्याचा ताप अडवतात, पण कपाळापुढे आलेला काठ यांतल्या एकालाही नाही. अपवाद शेतात राबणाऱ्या बाईने पुढे ओढलेल्या पदराचा. डोळ्यांवर थोडीफार सावली धरते ते एवढेच, आणि तोही बहुतेक वेळा मर्यादेपोटी ओढलेला असतो. बाकी डोळे बारीक करून पाहायचे आणि घरी आल्यावर गार पाण्याचे हबके मारायचे, एवढ्यावर भागते असे आपण धरून चाललो आहोत. ते भागत नाही, आणि का भागत नाही हे सांगणे हा या पुस्तकाचा विषय आहे. डोळ्यांना बाधणारे ऊन अंगाला पोळणाऱ्या उन्हाहून वेगळ्या वेळी आणि वेगळ्या दिशेने येते, बहुतांशी जाणवतही नाही. म्हणून जाणिवेवर विसंबून केलेले उपाय नेमके चुकीच्या जागी पडतात. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

सूर्यप्रकाशाचे तीन भाग डोळ्यांशी संबंधित आहेत. दिसतो तो प्रकाश, उष्णता देणारे अवरक्त किरण, आणि जे दिसतही नाहीत व गरमही वाटत नाहीत ते अतिनील किरण. जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर याने १८०१ मध्ये वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे डोळ्यांना अंधारच दिसतो तिथे, चांदीचा क्षार सर्वांत लवकर काळा पडतो हे दाखवले. आज या किरणांचे तीन पट्टे मानतात: ४०० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘अ’, ३१५ ते २८० चे ‘ब’, आणि त्याखालचे ‘क’. ‘क’ जमिनीवर पोचत नाहीत. ‘ब’मधले बरेचसे ओझोनच्या थरात अडतात, जे उरतात ते पुरेसे उपद्रवी असतात. डोळ्यांत शिरल्यावर यांची जणू वाटणीच होते. सर्वांत आखूड लहरी समोरच्या पारदर्शक पारपटलात जिरतात, त्यापुढच्या बहुतेक भिंगात अडकतात, आणि प्रौढ माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत टक्का-दोन टक्केच पोचतात. लहान मुलांचे भिंग अधिक निर्मळ असल्याने त्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त असते. भिंगाचा दोष म्हणजे त्याला झीज भरून काढता येत नाही. त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात, पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने जन्माआधी तयार झालेली असतात आणि तीच म्हातारपणापर्यंत साथ देतात. त्यांच्यावरचा प्रत्येक आघात खात्यावर जमा होत राहतो. आता डोळ्यांचे स्वतःचे संरक्षण पाहा. भुवईचे हाड, पापणी, आक्रसणारी बाहुली, आपोआप बारीक होणारे डोळे. यांतली भुवई तेवढी कायमची. बाकी सारी यंत्रणा दिसणाऱ्या प्रकाशाला उत्तर देते. प्रकाश कमी आणि अतिनील मात्र भरपूर, अशी स्थिती आली की ती गाफील राहते. विरळ ढगांच्या दिवशी नेमके हेच होते.

या विषयाचा इतिहास सुरू होतो तो ताबडतोब होणाऱ्या इजेपासून. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी बर्फाने येणाऱ्या तात्पुरत्या आंधळेपणावर उपाय म्हणून हाडाचे, हस्तिदंताचे, लाकडाचे चष्मे बनवले. त्यांत काच नसायची, आडवी बारीक फट असायची. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. त्या प्रदेशात कपाळावरच्या काठाचा उपयोग मर्यादित, म्हणून वरून, खालून आणि बाजूंनी सगळे बंद करून समोरची चीर तेवढी ठेवायची. अतिनील म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नसण्याच्या काळातले हे साधन आजच्या पुष्कळ फॅशनेबल गॉगलांपेक्षा शास्त्राला धरून आहे. ते आंधळेपण उष्णतेने येते की प्रकाशाने, हा वाद पुढे बरेच दिवस चालला. स्वीडनच्या योहान विडमार्क यांनी १८८९ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केले की दोष अतिनील किरणांचा आहे. 

आपल्याकडे बर्फ नाही, पण हा आजार गल्लोगल्ली आहे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवीन लागलेला पोरगा जॉब धरून उभा असतो. काळ्या काचेची ढाल एकच, ती कारागिराच्या हातात. अतिनील किरण फेकणारा वेल्डिंगचा आर्क पेटताना पोरगा मान वळवतो, पण दर वेळी ते साधत नाही. त्या क्षणी काहीच होत नाही. तो घरी जातो, जेवतो, झोपतो. आणि मध्यरात्री डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे होऊन जागा होतो. पाण्याच्या धारा लागतात, दिवा सोसवत नाही, पापण्या उघडत नाहीत. किरणांचा मार बसल्यापासून पारपटलावरचा पेशींचा थर गळून मज्जातंतू उघडे पडायला सहा ते बारा तास जातात, म्हणून हा उशीर. मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवतो, कोणी दूध घालतो. तो थर एक ते तीन दिवसांत पुन्हा आपणहून भरून येतो, त्यामुळे श्रेय बटाट्याला जाते. पण या प्रकारात मोलाची गोष्ट अशी की कारण आणि परिणाम यांत काही तासांचेच अंतर असूनही माणसे दोहोंचा संबंध जोडायला चुकतात. जिथे हे अंतर तीस-चाळीस वर्षांचे असते तिथे काय होत असेल?

त्या दीर्घकालीन इजेचा ठळक नमुना म्हणजे डोळ्यात मांस वाढणे. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात, काही जण नाखुना म्हणतात. नाकाच्या बाजूने पांढऱ्या भागावरून एक मांसल, रक्तवाहिन्यांचा पडदा त्रिकोणी टोकाने बुबुळाकडे सरकतो; वेळीच काढला नाही तर दृष्टीच्या आड येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अर्म’ या नावाने त्याचे पाच प्रकार दिले आहेत. तो सैल करून, आकडीने उचलून कापायचा कसा, याचा विधीही सविस्तर आहे. उन्हाशी त्याचे नाते मात्र अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्के झाले, आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा. १९७६ ते १९७८ या काळात फ्रेड हॉलोज यांच्या पुढाकाराने तिथल्या दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांत नेत्रतपासणीची मोठी मोहीम झाली. मोहीम होती खुपऱ्यांसाठी, पण हाती आलेल्या नोंदींवरून हॉलोज आणि डेव्हिड मोरान यांनी वेगवेगळ्या भागांतल्या अतिनील किरणांचे प्रमाण आणि टेरिजियम व मोतीबिंदू यांचा मेळ घातला. जिथे किरण जास्त, तिथे हे दोन्ही आजार जास्त.

याच सुमारास नेपाळमधून एक गमतीदार निष्कर्ष आला. उंचीवर अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. म्हणजे डोंगराळ भागात मोतीबिंदू जास्त असायला हवा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उलटे दिसले. उंचावरच्या गावांत मोतीबिंदू कमी, सखल तराईत जास्त. उलगडा असा झाला की उंचावरची कित्येक गावे चहूबाजूंनी आणखी उंच डोंगरांनी वेढलेली आहेत. तिथे सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर जातो. दिवसाला सरासरी बारा तास ऊन असलेल्या गावांत सात तास ऊन असलेल्या गावांच्या जवळपास चौपट मोतीबिंदू होता. मला या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या आकड्यांपेक्षा अधिक वाटते. क्षितिजाजवळचा सूर्य डोंगराने झाकला तर डोळे वाचतात, म्हणजे डोक्यावरच्या सूर्याइतकाच, कदाचित अधिक, तिरक्या सूर्याचा विचार करायला हवा, ही पुढे सिद्ध झालेली गोष्ट इथे अप्रत्यक्षपणे सुचवली गेली होती.

मात्र गावागावांच्या तुलनेवरून एकेका माणसाबद्दल बोलता येत नाही. आहार वेगळा, धूर वेगळा, गरिबी वेगळी. हा आक्षेप ध्यानात घेऊन ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक उपसागरातले ८३८ मच्छीमार निवडले. प्रत्येकाने कोणत्या वयात किती काम केले, कुठे केले, टोपी आणि चष्मा वापरला का, हे वर्षावर्षाने विचारून आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेल्या ‘ब’ किरणांचा हिशेब मांडला. १९८८ मध्ये आलेला निष्कर्ष आजही या क्षेत्राचा पाया आहे: आयुष्यातली मात्रा दुप्पट झाली की भिंगाच्या बाहेरच्या थरात होणाऱ्या मोतीबिंदूची जोखीम साठ टक्क्यांनी वाढते. गाभ्यात होणाऱ्या मोतीबिंदूशी मात्र संबंध आढळला नाही. ही मर्यादा नेहमी सांगायला हवी आणि नेहमी गाळली जाते. भारतातही दिल्लीच्या आसपासची मैदाने, गुवाहाटीकडचा डोंगराळ भाग आणि आंध्रचा प्रकाशम किनारा अशा तीन भिन्न प्रदेशांतल्या चाळिशीपुढच्या ग्रामीण लोकांचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या आधाराने झाला. त्यातही टेरिजियम आणि आयुष्यभराचे ऊन यांचे नाते दिसते.

इथवर प्रश्न होता ऊन बाधते का, हा. त्यानंतरची पिढी विचारू लागली, ते डोळ्यांपर्यंत पोचते कसे. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. टेरिजियम बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूला का होते? नाकाची सावली त्या बाजूला पडते, तेव्हा तिथे ते कमी व्हायला हवे. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी याचे उत्तर दिले. कानशिलाच्या बाजूने, जवळजवळ मागून म्हणावे इतक्या तिरक्या कोनातून आलेला किरण पारपटलाच्या वळणावर पडतो. ते वळण भिंगासारखे काम करते, किरण पुढच्या पोकळीतून आडवा जातो आणि समोरच्या, म्हणजे नाकाकडच्या काठावर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता मूळच्या वीसपटीपर्यंत जाऊ शकते. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधाऱ्या खोलीत कोणाच्या तरी कानशिलाकडून लहान बॅटरीचा झोत तिरका टाकला, की नाकाच्या बाजूला बुबुळाच्या कडेवर उजेडाची लहानशी कोर उमटलेली दिसते. मांस वाढते ते तिथेच. म्हणजे समोरून कितीही गडद काच लावली, पण काडीच्या बाजूने उजेड मोकळा येत असेल, तर सर्वांत धोक्याची वाट उघडीच राहिली.

दुसरी गोष्ट वेळेची. जपानमध्ये कानाझावा इथे हिरोशी सासाकी यांच्या गटाने पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी अतिनील मोजणारे संवेदक बसवून दिवसभराचे मोजमाप केले. डोक्याच्या माथ्यावर पडणारे किरण अपेक्षेप्रमाणे भर दुपारी सर्वाधिक होते. पण सूर्याच्या दिशेला तोंड केलेल्या डोळ्यांवर, हिवाळा सोडून इतर काळात, सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत जास्त किरण पडत होते. बारा वाजता भुवईचे छत कामी येत होते. सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो तेव्हाची ही वेळ. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या आसपास सूर्य त्या उंचीवर येतो सकाळी नऊच्या आणि दुपारी चारच्या सुमारास. आता शेतावरचा दिनक्रम आठवा. सकाळच्या पारी काम उरकायचे, बारा ते तीन झाडाखाली टेकायचे, उन्हे कलली की पुन्हा फडात उतरायचे. उष्माघाताच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे आणि ते मोडा असे कोणी म्हणणार नाही. पण विसावा घेतलेले तीन तास डोळ्यांसाठी तुलनेने सौम्य होते, आणि ‘ऊन उतरले’ म्हणून निर्धास्तपणे काम केले ते तास जड होते. हवामानाच्या बातम्यांत येणारा अतिनील निर्देशांक हा त्वचेच्या हिशेबाने काढलेला, आडव्या पृष्ठभागावर पडणाऱ्या किरणांचा आकडा आहे. डोळे उभ्या पृष्ठभागात, खोबणीत आणि भुवईच्या आडोशाला बसलेले असतात. तो निर्देशांक पाहून टोपी घालावी की नाही हे ठरवता येईल. गॉगल काढावा की नाही हे ठरवू नये.

दृष्टिपटलाची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्याकडे लोकांना उन्हापासून डोळ्यांना धोका म्हटले की तीच तेवढी ठाऊक असते, ग्रहणामुळे. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण कारवारकडून दख्खन ओलांडत ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत गेले तेव्हा शहरांचे रस्ते ओस पडले होते. दूरदर्शनने दुपारी चित्रपट दाखवून लोकांना घरात धरून ठेवले, ही त्या पिढीची सामायिक आठवण आहे. ग्रहणात सूर्य काही वेगळे किरण सोडत नाही. एरवी सूर्याकडे पाहवत नाही म्हणून आपण पाहत नाही. ग्रहणात तेज कमी झाल्याने पाहवते, बाहुली मोठी होते, आणि उरलेली कोर दृष्टिपटलाच्या मधोमध, जिथे आपण अक्षर वाचतो तिथे, उमटत राहते. विल्यम हॅम यांच्या गटाने १९७६ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की ही इजा मुख्यतः भाजल्याची नसते, आखूड लहरींच्या प्रकाशाने घडवलेली रासायनिक इजा असते. दृष्टिपटलाला वेदना नाही, म्हणून कळते ते काही तासांनी, मधला भाग पुसट झाल्यावर. एक्स-रेची फिल्म, काळी केलेली काच, पाण्याच्या परातीतले प्रतिबिंब यांतले काहीही पुरेसे नाही. उगवत्या सूर्याला अर्घ्य देताना होणाऱ्या क्षणभराच्या दर्शनाने बिघडत नाही, कारण क्षितिजावरच्या तांबूस बिंबातला घातक भाग वातावरणाने बराच गाळलेला असतो. मात्र पाण्याची धार गाळणीचे काम करते हे खरे नाही, आणि वर चढलेल्या सूर्याकडे टक लावण्याचे जे ‘साधने’चे प्रकार चालतात ते सरळ घातक आहेत.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप खोडून काढण्याआधी त्यांतले खरे मान्य केले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की भारतातल्या मोतीबिंदूचे खापर उन्हावर फोडणे सोयीचे आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. याला वय, मधुमेह, तंबाखू, स्टिरॉइड, चुलीचा धूर अशी कितीतरी कारणे आहेत. मध्य भारतातल्या एका अभ्यासाने तर जुलाबातून होणाऱ्या तीव्र निर्जलीकरणाकडे बोट दाखवले होते. जागतिक आरोग्य संघटना मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वात वीस टक्क्यांपर्यंत उन्हाचा हातभार ‘असू शकतो’ असे म्हणते, आणि केवळ बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूपुरते मोजू गेले तर वाटा यापेक्षा बराच कमी भरतो. मला संयत बाजू अधिक पटते. पण या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की ऊन हे अनेकांपैकी एक कारण आहे. वय थांबवता येत नाही. ऊन अडवता येते, आणि तेही काही रुपयांच्या टोपीने. शिवाय टेरिजियमच्या बाबतीत उन्हाचा वाटा एवढा मोठा आहे की तिथे हा वाद उरतच नाही.

दुसरा आक्षेप आपल्या वर्णाचा. गोऱ्यांचे प्रश्न आपल्याला लागू नाहीत, काळ्याभोर डोळ्यांना निसर्गाचे संरक्षण आहे, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. त्वचेच्या कर्करोगापुरते ते बरेच खरे आहे. पण डोळ्यांतला रंग असतो बुबुळात, आणि पारपटल त्याच्या पुढे आहे. भिंग मागे असले तरी बाहुलीतून त्याच्यावर पडणारा झोत बुबुळाच्या रंगाने अडत नाही. प्रकाशमच्या किनाऱ्यावरची माणसे काही गोरी नाहीत.

तिसरा आक्षेप बाजाराविरुद्धचा आहे, आणि त्याच्याशी मी पुष्कळसा सहमत आहे. गॉगल ही दिखाऊ वस्तू म्हणूनच विकली गेली. अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सॅम फॉस्टर यांनी १९२९ मध्ये स्वस्त गॉगल विकायला काढले, पुढच्या दशकात वैमानिकांसाठीचे रे-बॅन आले, मग चित्रपट आले. काचेच्या गडदपणाचा आणि अतिनील अडवण्याचा एकमेकांशी संबंध नाही, हे दुकानदार सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसते. पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. गडद काळी पण साधी काच ‘अ’ किरण आत सोडू शकते. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी मारते, तिचाही अतिनीलशी थेट संबंध नाही. चष्म्याच्या दुकानात निळ्या-जांभळ्या झोताचे पेन कार्डावर मारून ‘ब्लू कट’ काचेची करामत दाखवतात. तो झोत डोळ्यांना दिसतो, म्हणजेच तो अतिनील नाही, आणि काचेने तो अडवला म्हणून मोबाइलच्या पडद्यापासून डोळे वाचले असेही नाही. पडद्याचा निळा प्रकाश उन्हाच्या तुलनेत क्षुल्लक आहे. ‘यूव्ही ४००’ ही खूण आणि काडीच्या आतल्या बाजूस बारीक अक्षरांत असलेला ० ते ४ हा वर्ग पाहावा: ३ हा आपल्या उन्हाला योग्य, ४ लावून गाडी चालवू नये. एवढे पाहिले की किमतीकडे पाहण्याचे कारण नाही. गडद पण निकस गॉगलने बाहुली मोठी होऊन नुकसान उलट वाढते, हे विधान सगळीकडे छापले जाते. तत्त्वतः ते शक्य आहे, पण आज मिळणाऱ्या बहुतेक प्लास्टिक काचा बऱ्यापैकी अतिनील अडवतात, त्यामुळे ती भीती वाढवून सांगितली जाते. स्वस्त गॉगलची खरी उणीव आकारात असते: लहान, चपटा, गालांपासून सुटलेला. कोरोनिओंची ती तिरकी वाट तिथे मोकळी राहते.

चौथा आक्षेप सर्वांत नवा आणि वजनदार आहे. मुलांना उन्हापासून जपा म्हणता, मग वाढत चाललेल्या लांबच्या चष्म्याचे काय? २००८ मध्ये सिडनीतल्या अभ्यासातून कॅथरिन रोझ यांनी दाखवले की घराबाहेर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टी कमी असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चीनमधल्या ग्वांगझोऊच्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा बाहेरचा जादा तास दिल्यावर हेच दिसून आले. तैवानने २०१० पासून मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढायचे धोरणच आखले. हा विरोध वरवरचा आहे. लघुदृष्टीला आळा घालतो तो उजेड, अतिनील किरण नव्हेत. वर्गात तीन-चारशे लक्स उजेड असतो, तर झाडाच्या सावलीतही हजारोंच्या घरात. मुलाने काठाची टोपी घालून वडाखाली खेळले तरी त्याचे काम होते. उलट, आयुष्यातले ८० टक्के अतिनील किरण अठराव्या वर्षाआधीच डोळ्यांवर पडतात, हे पालकांना घाबरवणारे वाक्य मोजणीत टिकलेले नाही. चाळिशीतल्या माणसाने आता उशीर झाला म्हणून हात झटकायचे कारण नाही.

मग हा विषय मराठीत आजच का हवा? ओझोनच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी मिळाले आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे विवर उघडकीस आले, १९८७ मध्ये मॉन्ट्रिऑलचा करार झाला, आणि तो थर सावरतो आहे. घाई वेगळ्या कारणाने आहे. माणसे अधिक जगू लागली, त्यामुळे खात्यावर जमा होणारी मात्रा वाढली. आणि ही मात्रा सर्वांना सारखी मिळत नाही. ऊसतोड कामगार पहाटेपासून फडात असतो, कोळ्याला वरून ऊन आणि खालून पाण्याची चकाकी, मिठागरातल्या कामगाराला पांढऱ्या मिठाचा परतावा, चौकातल्या वाहतूक पोलिसाला दिवसभर उभे राहणे. गॉगल विकत घेणारा वर्ग आणि गॉगलची खरी गरज असलेला वर्ग एकमेकांना क्वचितच भेटतात. फडात गॉगल लावला तर मुकादम हसेल, ही अडचण कोणत्याही संशोधनपत्रिकेत येत नाही, पण ती खरी आहे. उसाच्या पातीची धार पारपटलाला लागून होणारी जखम आणि तिच्यातला संसर्ग यांनी आपल्याकडे कितीतरी डोळे जातात. बाजूंनी बंद असलेला बिनरंगी संरक्षक चष्मा पात आणि अतिनील दोन्ही अडवतो. हातमोजे, गमबूट यांच्याबरोबर तो कारखान्याने द्यावा, ही मागणी अवास्तव नाही.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या प्रवाहांना एकत्र आणण्याचा प्रयत्न करते. प्रकाशाचे भौतिकशास्त्र, आजारांचे वर्णन, पाहण्यांची चिकित्सा, चष्म्याची निवड आणि कामाच्या जागेचे नियम हे आजवर वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळे विषय होते; नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रियेबद्दल लिहितात, चष्मेवाले काचेबद्दल, आणि कामगार चळवळीत डोळ्यांचा उल्लेख क्वचित येतो. इथे ते एका धाग्यात आहेत. पुराव्याची ताकद जिथे कमी आहे, उदाहरणार्थ उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी होणारी झीज आणि ऊन यांचा संबंध, तिथे लेखकांनी ठाम विधान टाळले आहे. वैद्यकीय शब्दांना शक्य तिथे रोजची मराठी वापरली आहे आणि जिथे डॉक्टर इंग्रजी शब्दच वापरतात तिथे तोच ठेवला आहे, हे मला योग्य वाटते. एका बाबतीत मात्र माझा मतभेद नोंदवून ठेवतो. शाळकरी मुलांना सरसकट गॉगल द्यावेत, असे लेखक सुचवतात. माझ्या मते शाळेच्या गणवेशात चौफेर काठाची टोपी आणली आणि मैदानाच्या कडेने झाडे लावली तर निम्म्याहून अधिक काम होईल, आणि ते हरवणार नाही, ओरखडणार नाही, दर वर्षी नव्याने विकत घ्यावेही लागणार नाही. गॉगलचा तो पैसा मिठागरांकडे आणि उसाच्या फडांकडे वळवावा.